सरासरीचा पाऊस आणि जिराईत शेतकरी

दरवर्षी एप्रिलच्या मध्याला हवामान विभागाचा पहिला अंदाज जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून एकच आकडा ठळक अक्षरांत झळकतो : यंदा पाऊस सरासरीच्या इतके टक्के. ही सरासरी म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशभर मिळून पडणारा सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस. आकडा शंभराच्या वर असला की शेअरबाजाराला तेजी येते आणि सरकारी अर्थतज्ज्ञ सुटकेचा निःश्वास टाकतात. तो खाली घसरला की साठेबाजांच्या हिशेबाच्या वह्या उघडतात. मराठवाड्यातल्या जिराईत शेतकऱ्याला मात्र या आकड्यातून काहीही कळत नाही. त्याचे दोन-तीन एकर रान देशाच्या सरासरीत कोठेच बसत नाही.

२०२५ हे वर्ष याचा धडधडीत पुरावा आहे. त्या वर्षी मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचले; मुंबईत ते इतक्या लवकर आल्याची पूर्वी नोंद नव्हती. हंगाम संपला तेव्हा देशाची बेरीज सरासरीच्या १०८ टक्के भरली. कागदावर असे साल म्हणजे सुकाळ. प्रत्यक्षात त्याच सप्टेंबरात बीड, धाराशिव, नांदेड, सोलापूर या जिल्ह्यांत काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, सीना नदीने काठावरची गावे वेढली, जायकवाडीतून सोडलेले पाणी गोदाकाठच्या शेतांत शिरले आणि कित्येक ठिकाणी पिकाबरोबर खालची मातीही वाहून गेली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, २०२३ साली, देशाने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला होता आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला होता. माढा आणि करमाळा हे सीनाकाठचे तालुके त्या दुष्काळाच्या यादीत होते. दोन वर्षांनी तेच तालुके महापुराच्या यादीत आले. तीच जमीन, तेच कुटुंब आणि फिरवून फिरवून तेच कर्ज.

पावसाचे एकूण मान आणि पिकाच्या गरजेचे वेळापत्रक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पश्चिमेकडून येणारे बाष्प सह्याद्रीवर अडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. मराठवाड्यात मोसमाची सरासरी सुमारे पावणेसातशे मिलिमीटर आहे. हे पाणी थोडे असले तरी ते योग्य वेळी पडले तर पीक साधते. म्हणून तर शेतकऱ्याने पावसाला नक्षत्रांची नावे दिली, पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हटले. मृगात पेरणी, आषाढात उगवलेल्या पिकाला आधार, श्रावणात फूल आणि शेंग धरण्यापुरती ओल, आणि हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी, असा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर, विहिरीचे एक थेंबही पाणी न देता, मालदांडी ज्वारी उभी राहत असे. माणसाला धान्य आणि गुरांना कडबा देत असे. या पद्धतीला अडाणी शेती म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी तिच्यातले शास्त्र कधी नीट तपासलेच नाही.

हे वेळापत्रक आता मोडते आहे, ही केवळ म्हाताऱ्या माणसांची तक्रार राहिलेली नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवून दिले. विशेष म्हणजे याच पट्ट्यात मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे पावसाचे दिवस कमी झाले, मधले खंड लांबले आणि जे पाणी येते ते एकदम कोसळून माती घेऊन निघून जाते. नव्वद-शंभर दिवसांच्या सोयाबीनला ऑगस्टातला तीन आठवड्यांचा खंड शेंग भरण्याच्या वेळी मारतो, आणि त्यातून वाचलेल्या शेंगेला सप्टेंबरअखेरची झड शेतातच मोड आणते. एका वर्षात दोन्ही संकटे येऊनही त्या जिल्ह्याच्या पावसाची बेरीज शंभर टक्के भरू शकते आणि मंत्रालयात पाऊस समाधानकारक झाल्याची नोंद होऊ शकते!

वातावरण तापण्यास कोण जबाबदार आहे, हे पक्षसभासदांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून ज्यांनी आपली साम्राज्ये उभारली त्या देशांनी हे ऋण फेडले पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. परंतु आपले सत्ताधारी ही मागणी बाहेर मांडतात आणि घरात तिचा उपयोग सबब म्हणून करतात. पूर्वी जो निसर्गाचा कोप होता तो आता हवामानबदल झाला. दोन्ही शब्दांचा सरकारी अर्थ एकच, की याला आम्ही काय करणार? मोसमी वाऱ्यावर कोणत्याही सरकारची सत्ता चालत नाही हे खरे. पण पाऊस पडल्यानंतर, किंवा न पडल्यानंतर, जे घडते ते सर्वस्वी सत्तेचेच काम असते.

याचा पहिला धडा याच दख्खनने घेतलेला आहे. १८७५ साली ब्रिटिशांनी भारतीय हवामान विभाग स्थापन केला. १८६४ चे कलकत्त्याचे वादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ यांनंतर पाऊस मोजण्याची गरज त्यांना पटली होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. राज्यकर्ते पर्जन्यमापक बसवीत होते आणि ज्याचे शेत बुडाले होते तो गहाणखत जाळीत होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हा सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, सरकारने सारा वाढवला. भाव कोसळले तेव्हा दोघांनीही वसुलीचा हात आखडला नाही. पुढच्याच वर्षी पाऊस पडला नाही. १८७६ ते १८७८ च्या त्या महादुष्काळात देशाबाहेर धान्याची निर्यात चालूच राहिली, १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनचा दरबार थाटात भरला, आणि दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर नाममात्र पैसे पुरेत असा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी या मजुरीविरुद्ध कामे सोडली. उपाशी माणसांचा तो संप होता. आपल्या शेतमजूर चळवळीच्या इतिहासात त्याला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही.

१९७२ च्या दुष्काळात परिस्थिती निराळी झाली, आणि तीही सरकारच्या दयाळूपणामुळे झाली नाही. लाल मिलो आणि सुकडीवर दिवस काढणारी माणसे खडी फोडायला हजारोंनी एकत्र आली तेव्हा त्यांना आपले संख्याबळ कळले. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. वेळेवर मजुरी, मोजमापातली लबाडी, पाळणाघर, पिण्याचे पाणी या मागण्यांसाठी डाव्या पक्षांनी आणि शेतमजूर संघटनांनी मोर्चे काढले, काम बंद पाडले. या रेट्यातून काम मागण्याचा हक्क कायद्यात आला. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांनी व्यवसायकर भरला. कारखान्यातला आणि कचेरीतला पगारदार खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसे देतो, हे कामगार-शेतकरी ऐक्याचे एक साधे, व्यवहारी रूप होते. पुढे २००५ साली देशभराचा रोजगार हमी कायदा झाला त्याचे मूळ याच दुष्काळात आहे.

पाण्याच्या बाबतीत असा हक्क कधी मिळालाच नाही. १९७६ साली पुरे झालेल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ७६ अब्ज घनफूट. मराठवाड्याच्या जिराइतीवर तोच उतारा म्हणून सांगितला गेला. पण वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत धरणांमागून धरणे बांधली गेली आणि पैठणला पाणी पोचण्याआधीच ते अडू लागले. खोऱ्यातले पाणी समन्यायाने वाटण्याचे तत्त्व २००५ च्या कायद्यात लिहिले गेले. त्यानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा आदेश जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली दिला, आणि तो उच्च न्यायालयाने उचलून धरायला २०१६ उजाडले. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. नाशिकचा शेतकरी विरुद्ध मराठवाड्याचा शेतकरी असे या वादाला रूप देणे राज्यकर्त्यांना सोयीचे असते. वरही पाणी उसाकडे, साखर कारखान्याकडे आणि वाढत्या शहरांकडे जाते. खालीही जायकवाडीच्या कालव्यावर उसाचेच राज्य आहे. कृषिमूल्य आयोगानेच दाखवल्याप्रमाणे महाराष्ट्रात चार टक्क्यांहून कमी लागवडीवरचा ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी पितो. राज्याच्या लागवडीच्या क्षेत्रापैकी सुमारे पाचवा हिस्साच ओलिताखाली आहे. त्या पाचव्या हिश्श्यातही खरा भरणा कोणाच्या शेताला होतो, ते या आकड्यावरून उघड होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचे पाणी पोचवावे लागले. गाडीचे स्वागत झाले, तिला ‘जलदूत’ हे नाव मिळाले, छायाचित्रे निघाली. त्याच वर्षीच्या गाळप हंगामात मराठवाड्यातले कारखाने चालू होते, याची छायाचित्रे कोणी काढली नाहीत.

पाण्याची वाटणी याहून निराळी असू शकते हे १९७२ च्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून करून दाखवले. जमिनीच्या आकारावर पाणी न देता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच द्यायचे, उसाला द्यायचे नाही आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा ठेवायचा, असा तो नियम होता. उपसा योजनांच्या चिमुकल्या परिघात हा प्रयोग राहिला, आणि धरणांच्या राजकारणाला त्याने धक्का लावला नाही, ही त्याची मर्यादा. तरीही ज्याच्याकडे जमीन त्याचेच पाणी हा दंडक मोडता येतो, एवढे त्याने सिद्ध केले. ही मागणी आता खोऱ्याच्या पातळीवर उचलायला हवी.

शेतकऱ्याने ज्वारी सोडून सोयाबीन धरले म्हणून त्याला दोष देणारे लेख अलीकडे शहरी नियतकालिकांत बरेच येतात. भरडधान्याचे गुणगान गाणाऱ्या या मंडळींनी रेशन दुकानात काय मिळते ते एकदा जाऊन पाहावे. सरकारने गहू आणि तांदूळ खरेदी केला, ज्वारी जवळजवळ बाजारावर सोडली. मग कोरडवाहू शेतकऱ्याने रोकड देणारे पीक घेतले यात नवल ते काय? आणि त्या रोकडीचेही काय झाले? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि जवळपास त्याच दिवसांत, ३० मे २०२५ रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. हंगामात मराठवाड्याच्या बाजारसमित्यांत भाव हमीभावाखालीच राहिले. भिजलेल्या मालाला तर व्यापारी सांगेल तो भाव.

आभाळाने केलेली तूट बाजारात कशी दुप्पट होते, हे महाराष्ट्राबाहेरच्या सभासदांनीही पाहिले आहे. मार्च २०२२ हा तोवरच्या १२२ वर्षांतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात दाणा भरण्याच्या वेळी गहू सुकला. उतारा घटला, जगात भाव चढले, आणि १३ मे २०२२ रोजी निर्यात बंद झाली. देशातल्या गरिबाला धान्य स्वस्त मिळालेच पाहिजे, याबद्दल पक्षाचे दुमत असू शकत नाही. पण त्या स्वस्ताईचा भार उन्हाने आधीच निम्मा भाजलेल्या शेतकऱ्याच्या अंगावर टाकायचा की सरकारी तिजोरीने उचलायचा, हा वर्गीय प्रश्न आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, दुष्काळाच्याच वर्षी, कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्यानेही हाच अनुभव घेतला.

२०२५ च्या पुरानंतर राज्य सरकारने ७ ऑक्टोबर रोजी ३१,६२८ कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. आकडा भव्य आहे; तो शेताच्या बांधापर्यंत आणून पाहावा. जिराईत पिकाच्या नुकसानीचा ठरलेला दर हेक्टरी ८,५०० रुपये, त्यावर रब्बीसाठी म्हणून आणखी १०,००० रुपये. दोन्ही मिळून एकरी सुमारे ७,४०० रुपये होतात. हमीभाव ठरवताना केंद्र सरकारने सोयाबीनचा उत्पादनखर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज त्यात नाही. एकरी पाचच क्विंटल उतारा धरला तरी सरकारच्याच हिशेबाने बुडालेला खर्च साडेसतरा हजारांपुढे जातो. विम्याचे म्हणाल, तर २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयाची योजना बंद केली आणि स्थानिक आपत्तीची व काढणीपश्चात नुकसानीची स्वतंत्र भरपाई वगळून केवळ मंडळातल्या पीककापणीच्या सरासरीवर विमा ठेवला. पुन्हा सरासरीच! शेजारच्या माळावरचे पीक वाचले तर ओढ्याकाठच्या बुडालेल्या पिकाची भरपाई कमी होते.

ही मदतही सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. मराठवाड्यात बटईने आणि ठोक्याने जमीन कसणाऱ्यांची संख्या थोडी नाही. त्यांत दलित, भटके आणि विधवा स्त्रिया आहेत. व्यवहार तोंडी असतो. बियाणे त्याचे, फवारणी त्याची, रात्रीची राखण त्याची, आणि पंचनाम्यावर नाव मालकाचे. बंगालमध्ये १९७८ पासून डाव्या आघाडीने गावोगाव शिबिरे भरवून १४ लाखांहून अधिक बटईदारांची नोंद केली, ती अशी तोंडी वहिवाट कागदावर आणण्यासाठीच. जुन्या हैदराबाद संस्थानातही तेलंगणाच्या लढ्यानंतर १९५० चा कूळकायदा झाला, आणि संरक्षित कूळ हा शब्द मराठवाड्यात आजही जुन्या लोकांना ठाऊक आहे. शेतमजुराचे नाव तर कोणत्याच पंचनाम्यात नसते. सोयाबीन बुडाले की काढणीची मजुरी बुडते. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतो. ज्या पाण्याने त्याच्या गावाची ज्वारी भिजू शकली असती त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला तो जातो. उचल फिटेपर्यंत बाळंतपण आणि आजारपण यांनासुद्धा रजा नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली सरकारला करावी लागली, ती याच व्यवस्थेची साक्ष आहे.

अशा वेळी गावातच काम मिळण्याचा हक्क हाच मजुराचा खरा पीकविमा होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० चे १२५ केल्याचा गाजावाजा झाला; पण खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला गेला, निधीची मर्यादा केंद्राच्या हाती गेली, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. या तरतुदीत मोठ्या बागायतदाराचा हात स्पष्ट दिसतो. हंगामात मजूर स्वस्त मिळावा, हा तिचा उद्देश. पण जिराईत मुलखात हंगाम म्हणजे काय? जुलैत पाऊस दडी मारतो तेव्हा पेरणीचा हंगाम पंचांगात असतो, शेतात काम नसते. सप्टेंबरअखेरीस पीक पाण्याखाली असते तेव्हा काढणीचा हंगाम सरकारी अधिसूचनेत असतो, शेतात काम नसते. ज्या दिवसांत मजुराला कामाची सर्वांत अधिक गरज, नेमके ते दिवस या कायद्याने वगळता येतात. वाहून गेलेल्या जमिनीसाठी ऑक्टोबर २०२५ च्या घोषणेत हेक्टरी तीन लाख रुपये सांगितले होते तेही रोजगार हमीच्या कामांतून देण्याचे होते, हे विसरता कामा नये.

किसान सभा आणि शेतमजूर युनियनमध्ये काम करणाऱ्या सभासदांपुढे यातून काही निकडीची कामे येतात. अंदाज जाहीर होण्याची किंवा पंचनाम्याची वाट न पाहता प्रत्येक गावात बटईदारांची आणि ठोकेदारांची यादी करावी, ती ग्रामसभेत वाचून ठरावासह तहसीलदारांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. मालक भीतीने जमीन काढून घेईल ही शंका खरी आहे. म्हणून एकट्या-दुकट्याचे नाव न देता सबंध गावाची यादी एकदम द्यावी. ज्या तालुक्यात कामबंदीची अधिसूचना निघेल तेथे पेरणी झाली आहे की नाही, पीक उभे आहे की नाही, याची पाहणी करून बंदी उठवण्याचा अर्ज मजुरांच्या सह्यांनिशी त्याच आठवड्यात दाखल करावा. बिदर, कलबुर्गी, आदिलाबाद, बेळगाव या भागांतल्या मराठी भाषक सभासदांना तीच काळी जमीन आणि तोच लहरी पाऊस वाट्याला आला आहे; नदीखोऱ्यातल्या पाण्याचा आणि सीमेपलीकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा प्रश्न त्यांच्या जिल्हा समित्यांनी शेजारच्या राज्यातल्या समित्यांशी बोलून एकत्र हाती घ्यावा. बटईदारांच्या याद्या मृगाच्या आधी पुऱ्या व्हायला हव्यात. पेरण्या सुरू झाल्यावर कोणाला सवड मिळत नाही.